अडीच मीटर म्हणजे नक्की किती?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं लाटांबद्दलची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. लाटा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. एकवीस वर्षं मी समुद्रातल्या बोयांच्या, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांच्या, नोंदी वाचण्याचं काम केलं. सुरुवातीची काही वर्षं कागदाच्या पट्टीवर, पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन, पुढे संगणकावर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे. ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : ताई, समुद्रासाठीच्या हवामानाच्या सूचनेत 'लाटांची उंची २.५ मीटर' असं लिहिलेलं असतं. पण समुद्रात एक लाट दुसरीसारखी नसते. मग ही अडीच मीटर कुठल्या लाटेची उंची? सरासरी लाटेची की सर्वांत मोठ्या लाटेची? (शिडाची होडी शिकणारा एक वाचक)

दोन्ही नाही. ती कुठल्याच एका लाटेची उंची नाही. त्या वेळी तो समुद्र एकूण किती खवळला आहे, हे सांगणारा तो आकडा आहे.

समजा, एका जागी लागोपाठ बारा लाटा मोजल्या. खळग्यापासून माथ्यापर्यंत प्रत्येक लाट मीटरमध्ये अशी भरली : ०.६, १.१, २.४, ०.९, १.८, ०.४, १.५, ३.१, १.२, ०.८, ०.७, २.०. यांची सरासरी १.४ मीटरच्या आसपास येते. आता याच लाटा उंचीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि वरचा तिसरा हिस्सा, म्हणजे पहिल्या चारच घ्या : ३.१, २.४, २.० आणि १.८. या चौघींची सरासरी २.३ मीटर. हिला 'लक्षणीय उंची' म्हणतात आणि सूचनेत छापली जाते ती हीच. खऱ्या नोंदीत बारा नव्हे, दीडदोनशे लाटा असतात, पण रीत हीच.

वरचा तिसराच हिस्सा का, असं तुम्ही विचाराल. याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. सैन्य होड्यांतून किनाऱ्यावर उतरवायचं तर त्या दिवशी लाटा किती असतील हे आधी सांगता यायला हवं होतं. समुद्रशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरड्रुप आणि त्यांचा तरुण विद्यार्थी वॉल्टर मंक यांनी या कामासाठी अंदाजाची पद्धत बसवली. त्यात एक अडचण आली. होड्या चालवणाऱ्यांना 'लाटा किती उंच होत्या?' असं विचारलं की ते सांगत तो आकडा नोंदींतल्या सरासरीपेक्षा बराच मोठा असे. ती माणसं फुगवून सांगत नव्हती. माणसाची नजर बारीक लाटा हिशेबात धरतच नाही. लक्षात राहतात त्या मोठ्या. त्यांनी सांगितलेला आकडा वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या सरासरीशी साधारण जुळतो, म्हणून तीच व्याख्या धरली गेली. लाटांच्या शास्त्रातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं हे माप होडीवाल्यांच्या नजरेला जुळवून घेतलेलं आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढचं पाऊल १९५२ मध्ये गणितज्ञ मायकल लाँगे-हिगिन्स यांनी टाकलं. एका जागी दिसणारा समुद्र म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या वेळी निघालेल्या असंख्य लहानमोठ्या लाटांची बेरीज. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असं धरलं, तर त्या बेरजेतल्या लाटांच्या उंचीची वाटणी एका ठरावीक वक्राप्रमाणे पडते. हा वक्र भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८० मध्येच काढून ठेवला होता, तोही आवाजासाठी : एकाच सुराचे अनेक आवाज, प्रत्येक आपापल्या वेळी सुरू झालेला, एकत्र मिसळले तर ऐकू येणारा आवाज कधी किती मोठा असेल? लाटांनाही तोच हिशेब लागू पडतो.

हा वक्र हातात आला की एका आकड्यावरून सगळी लाटांची वस्ती मांडता येते. लक्षणीय उंची २.५ मीटर असेल तर सरासरी लाट तिच्या ०.६३ पट, म्हणजे १.६ मीटरच्या जवळ. दर शंभरांत तेरा-चौदा लाटा २.५ मीटरहून उंच. आणि सर्वांत मोठी? तिला ठरलेली उंची नाही. तुम्ही समुद्रात किती वेळ थांबता त्यावर ती अवलंबून. दर सहा सेकंदांना एक लाट येत असेल तर वीस मिनिटांत दोनशे लाटा होतात आणि त्यांतली सर्वांत मोठी साधारण ४.१ मीटरची निघते. तीन तास थांबलात तर अठराशे लाटा, आणि सर्वांत मोठी ४.८ मीटरच्या आसपास. समुद्र तोच, सूचनेतला आकडाही तोच. वाढला आहे तो फक्त तुमचा तिथला वेळ.

हे मी इतकं घोळवून सांगते आहे त्याला कारण आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका बोयाची साखळी बदलायला आम्ही लहान होडीतून निघालो होतो. सकाळची नोंद मी वाचली आणि फळ्यावर '२.५' लिहिलं. होडीच्या तांडेलाने मला विचारलं, 'ताई, म्हणजे अडीच मीटरच्या वर नाही ना जाणार?' माझं लक्ष सामानाच्या यादीत होतं. मी 'हो' म्हटलं. काम सुरू होऊन दोन तास झाले असतील. आधीच्या लाटांपेक्षा बरीच उंच अशी एक लाट आली, बोया होडीच्या काठावर आदळला आणि माझ्या सहकाऱ्याचा मनगटापासूनचा हात मध्ये सापडला. हात वाचला, पण त्या हाताने त्याला पुन्हा धड पेन धरता आलं नाही. त्या लाटेत वावगं काही नव्हतं. अठराशे लाटांमागे अशी एक येणारच होती आणि ते गणित मला येत होतं. त्यानंतर मी फळ्यावर नेहमी दोन आकडे लिहिले : लक्षणीय उंची, आणि तिच्याखाली तिची दुप्पट. तुम्ही होडी शिकता आहात. सूचनेत एकच आकडा असेल तर दुसरा स्वतः लिहा.

प्रश्न : दर सातवी लाट मोठी असते असं लहानपणापासून ऐकत आले आहे. यात काही तथ्य आहे का? (एक गृहिणी)

क्रमात नाही, पण प्रमाणात आहे. वर सांगितलेल्या वक्राप्रमाणे लक्षणीय उंचीच्या वर जाणाऱ्या लाटा शेकडा साडेतेरा असतात, म्हणजे साधारण सात-साडेसातांत एक. 'डोळ्यांत भरणारी' लाट सरासरीने सात लाटांमागे एकदा येते, हे म्हणणं त्यामुळे चुकीचं ठरत नाही. मात्र सहा मोजून झाल्या की सातवी मोठीच येईल असं समजून पाण्यात उतरू नये. कधी तीन मोठ्या लाटा पाठोपाठ येतात, कधी वीस-पंचवीस लाटा नुसत्याच लहान जातात.

मोठ्या लाटा पाठोपाठ येण्यालाही कारण आहे. जवळजवळ सारख्या लयीच्या दोन लाटा एकत्र चालू लागल्या की काही वेळ त्यांचे माथे एकमेकांवर चढतात आणि काही वेळ एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात पडतो. त्यामुळे लाटा थव्याने येतात : चढत जाणाऱ्या, मग उतरत जाणाऱ्या, मग शांत. लांबून आलेल्या लाटांमध्ये हे थवे फार स्वच्छ दिसतात. किनाऱ्यावर पाच-दहा मिनिटं शांत गेली म्हणजे समुद्र निवला असं नसतं. दोन थव्यांच्या मधली ती मोकळी जागा असू शकते.

प्रश्न : उंची मोजायला खाली पक्का आधार लागतो. बोया तर स्वतःच पाण्यावर तरंगत असतो. मग तो लाटेची उंची कशी मोजतो? (निवृत्त गणित शिक्षक)

सर, नेमका हाच प्रश्न मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विचारला होता.

लिफ्ट वर निघाली की क्षणभर पायांवर भार वाढतो आणि थांबताना हलकं वाटतं. डोळे मिटले असले तरी आपण वर चाललो की खाली, हे कळतं. बोयाच्या पोटात हीच जाणीव असणारं यंत्र असतं, त्वरणमापक. बोया लाटेबरोबर वरखाली होतो तेव्हा त्याचं त्वरण सेकंदाला एकापेक्षा जास्त वेळा नोंदलं जातं. त्वरणाचं एकदा संकलन केलं, म्हणजे क्षणाक्षणाचे बदल बेरजेत धरत गेलं, की वेग मिळतो, दुसऱ्यांदा केलं की उंची. खाली आधार लागतच नाही.

कागदावर हे सोपं वाटतं, पण दोनदा संकलन करताना बारीकशी चूकसुद्धा कशी फुगते ते पाहा. त्वरणात सेकंदवर्गाला एक मिलिमीटर एवढीच कायमची चूक असली, तरी हजार सेकंदांनंतर, म्हणजे सतरा मिनिटांत, हिशेबाप्रमाणे बोया पाण्यापासून पाचशे मीटर वर गेलेला असतो. म्हणून अर्ध्या मिनिटाहून सावकाश होणारे सगळे बदल गाळून टाकावे लागतात. भरती-ओहोटी बोयाला दिसत नाही ती यामुळेच. दुसरी अडचण कलण्याची. लाटेच्या उतारावर बोया झुकतो आणि त्याच्याबरोबर त्वरणमापकही झुकला तर आकडे बिघडतात. यावर केलेली एक जुनी युक्ती मला फार आवडते : मापक द्रवात टांगलेल्या एका तबकडीवर बसवायचा. ती तबकडी इतकी आळशी असते की बोया कितीही हेलकावला तरी ती आडवीच राहते. अलीकडच्या कित्येक बोयांमध्ये हे काम जीपीएसवर चालतं. उपग्रहांच्या संदेशातल्या कंपनसंख्येच्या फरकावरून बोयाचा वेग कळतो आणि एकदाच संकलन पुरतं.

कागदी पट्टीच्या दिवसांत मी शाईच्या रेघेमधून आधी एक आडवी रेघ काढायची, सरासरी पातळीची. शाई ती रेघ ओलांडून वर गेली की नवी लाट सुरू, पुन्हा वर गेली की ती संपली. मधल्या बारीक सुरकुत्या रेघ ओलांडत नसतील तर मोजायच्या नाहीत. एका पट्टीला दीड तास लागे. आता संगणक पाण्याच्या पातळीचं प्रमाण विचलन, म्हणजे पातळी सरासरीपासून साधारण किती ढळते ते, काढतो आणि त्याला चाराने गुणतो. लक्षणीय उंची तयार. खोल पाण्यात हे दोन्ही आकडे फार जवळ येतात. तुमच्या विद्यार्थ्यांना प्रमाण विचलन कशाला शिकायचं असा प्रश्न पडत असेल, तर हे उदाहरण जरूर सांगा.

नोंद वीस-तीस मिनिटांचीच का घेतात, हेही तुम्ही पत्रात विचारलं आहे. फार थोड्या लाटा घेतल्या तर आकडा नशिबावर जातो. दोनशे लाटांवरून काढलेली लक्षणीय उंचीही पाचेक टक्क्यांनी इकडेतिकडे होतेच. फार वेळ घेतला तर तोवर वारा बदलतो, समुद्र बदलतो, आणि आपण दोन वेगळ्या समुद्रांची सरासरी काढत बसतो. वीस-तीस मिनिटं ही या दोन्हींमधली तडजोड आहे.

बोयाचा एक दोषही सांगायला हवा. लाटेचा माथा फार टोकदार असेल तर बोया त्यावर चढण्याऐवजी बाजूने निसटतो, नाहीतर साखळीच्या ओढीने माथ्यातून आरपार जातो. नेमकी ज्या लाटेची उंची हवी असते तीच त्यामुळे थोडी कमी भरते.

प्रश्न : वारा अजिबात नव्हता, आकाश निरभ्र होतं, सूचनेतली उंचीही जेमतेम दीड-दोन मीटर होती. तरी किनाऱ्यावर प्रचंड लाटा फुटत होत्या. सूचना चुकली होती का? (समुद्रकिनारी फिरायला जाणारा वाचक)

बहुधा नाही. तुम्ही उंची वाचलीत, तिच्या शेजारचा सेकंदांचा आकडा राहून गेला असणार. खरं तर तो उंचीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवा.

दोन समुद्र घ्या, दोन्हींची उंची दोन मीटर. पहिल्यात दर पाच सेकंदांना माथा येतो, दुसऱ्यात दर सोळा सेकंदांना. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायला कालावधीच्या, म्हणजे दोन माथ्यांमधल्या सेकंदांच्या, वर्गाला १.५६ने गुणतात. पहिली लाट ३९ मीटर लांब, दुसरी ४०० मीटर. पहिली जवळच्याच वाऱ्याने उठवलेली, आखूड आणि चढी. होडीला ती गदागदा हलवते. दुसरी इतकी पसरट की खोल समुद्रातल्या जहाजाला ती जेमतेम जाणवते. पण ४०० मीटर लांबीच्या लाटेला तळ दोनशे मीटर खोलीपासूनच जाणवू लागतो. उथळ पाण्यात तिचा वेग कमी होतो, मागची ऊर्जा पुढच्यावर दाटते आणि फुटण्याआधी ती बरीच उंचावते. या लांबून आलेल्या लाटांना स्वेल म्हणतात. त्यांना जन्म देणारं वादळ हजारो किलोमीटरवर, तुमच्या क्षितिजाच्या कितीतरी पलीकडे असतं. कधी तर ते विरूनही गेलेलं असतं.

ही गोष्ट मोजून सिद्ध करणाऱ्यांची हकिकत मी कितीदा वाचली तरी मला कंटाळा येत नाही. युद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जॉर्ज डीकन यांच्या गटात नॉर्मन बार्बर आणि फ्रिट्झ उर्सेल काम करत होते. समुद्रतळाशी ठेवलेल्या दाबमापकाची नोंद ते फोटोच्या कागदावर काळ्या-पांढऱ्या आकृतीत उमटवत आणि तो कागद एका चाकाच्या कडेला गुंडाळत. चाक जोरात फिरवून सोडून द्यायचं. ते मंदावत जाई तशी नोंदीतली एकेक लय यंत्राच्या ठरलेल्या लयीशी जुळून उठून दिसे. लोलकाने उजेडाचे रंग वेगळे व्हावेत तशा लाटा वेगळ्या होत. लाटांचा वर्णपट हा शब्द तिथूनच अर्थपूर्ण झाला. १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. आधी लांब कालावधीच्या लाटा येतात, मग तास न् तास कालावधी हळूहळू आखडत जातो. लांब लाटा जास्त वेगाने धावतात, म्हणून त्या आधी पोहोचतात. कालावधी किती झपाट्याने आखडतो यावरून वादळ किती दूर होतं तेही काढता येतं. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला यावरून आपण अंतराचा अंदाज बांधतो, त्यातलाच हा प्रकार.

सोळा सेकंदांच्या लाटांचा थवा ताशी ४५ किलोमीटरने चालतो, दिवसाला हजार किलोमीटरहून थोडं जास्त. १९६३ मध्ये मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत पॅसिफिकमध्ये ओळीने मोजणी केंद्रं मांडली. हवाई आणि अलास्काच्या मध्ये बेट नव्हतं, तिथे त्यांनी 'फ्लिप' नावाचं एक विलक्षण यान वापरलं. ते आडवं ओढत न्यायचं आणि जागेवर पाणी भरून उभं करायचं, की त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जाऊन ते जवळजवळ स्थिर राहतं. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांतून निघालेल्या लाटा विषुववृत्त ओलांडून दहा हजार किलोमीटरहून पुढे, अलास्कापर्यंत गेलेल्या त्यांना नोंदींत दिसल्या. वादळाच्या परिसरातून एकदा बाहेर पडल्यावर वाटेत त्यांची ऊर्जा फारच थोडी घटली होती. त्या गटात क्लाउस हासेलमान होते. पुढे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर समुद्रातल्या मोठ्या लाटा-मोहिमेचं, जॉनस्वॅपचं, नाव त्यांच्याशी जोडलं गेलं, आणि २०२१ मध्ये हवामानाच्या अभ्यासासाठी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा पुढच्या वेळी सेकंद बघा. आकडा बारा-चौदाच्या पुढे असेल तर वारा पडलेला असला तरी खडकांवर उतरू नका.

प्रश्न : उपग्रहाला वरून लाटांची उंची कशी कळते? (एक वाचक)

१९९२ मध्ये सोडलेला टोपेक्स-पोसायडन १,३३६ किलोमीटरवरून फिरत असे. असा उपग्रह रडारचा एक ठोका खाली पाठवतो. समुद्र आरशासारखा सपाट असेल तर प्रतिध्वनी एकदम, कडक चढावाने परत येतो. लाटा असतील तर माथ्यांवरून तो आधी परततो आणि खळग्यांतून मागाहून, त्यामुळे चढाव तिरका होतो. तिरकेपणा जितका जास्त तितकी लक्षणीय उंची जास्त. उपग्रहाला एकही लाट सुटी दिसत नाही. त्याला दिसते ती लाटांची वाटणीच.

प्रश्न : शांतपणे चाललेल्या जहाजावर अचानक भिंतीसारखी लाट कोसळते, अशा गोष्टी खऱ्या की खलाशांच्या दंतकथा? (महाविद्यालयीन विद्यार्थी)

खऱ्या. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीतल्या ड्रॉपनर या समुद्रात उभारलेल्या वायू-फलाटावर खाली रोखलेलं लेसर यंत्र पाण्याची पातळी नोंदत होतं. वादळ मोठं होतं, लक्षणीय उंची बारा मीटरच्या जवळ. दुपारी त्यात एक लाट उमटली : खळग्यापासून माथ्यापर्यंत २५.६ मीटर, आणि माथा शांत पातळीच्या वर १८.५ मीटर. खालच्या मजल्यावर थोडी मोडतोडही आढळली, त्यामुळे यंत्राची चूक म्हणून ती बाजूला टाकता आली नाही. त्याआधी १९३३ मध्ये पॅसिफिकमध्ये रामापो या अमेरिकी जहाजावरून ३४ मीटरच्या लाटेची नोंद झाली होती. लाटेचा माथा डोलकाठीवरच्या टेहळणीच्या जागेशी एका रेषेत दिसला, त्यावरून उंची काढली होती. यंत्राने पकडलेली मात्र ड्रॉपनरची.

लक्षणीय उंचीच्या दुपटीहून मोठ्या लाटेला सर्वसाधारणपणे या वर्गात घालतात. आता रॅलेचा वक्र पाहा : अशी लाट साधारण तीन हजारांत एक. दर दहा सेकंदांना एक लाट धरली तर एकाच जागी आठ-साडेआठ तासांत एकदा. म्हणजे दुपटीची लाट ही काही निसर्गनियम मोडून आलेली नसते. लोक तिला राक्षसी म्हणतात. मला तो शब्द नको वाटतो, कारण त्याने ती हिशेबाबाहेरची आहे असा समज होतो आणि सावधगिरी सुटते. माझ्या त्या सहकाऱ्याचा हात अशाच, दुपटीच्या जवळपासच्या लाटेत सापडला होता.

पण सगळं रॅलेवर टाकूनही चालत नाही. मोठ्या लाटांचे माथे टोकदार आणि खळगे पसरट असतात, म्हणून पातळीच्या वरचा भाग साध्या गणितापेक्षा जास्त निघतो. समोरून जोरदार प्रवाह येत असेल तर लाटा आखडून चढतात. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचा अगुल्हास प्रवाह यासाठी कुप्रसिद्ध आहे. आणि काही प्रसंगी एक लाट शेजारणींची ऊर्जा खेचून घेते. ब्रूक बेंजामिन आणि जिम फेअर यांनी १९६७ मध्ये या अस्थिरतेचं गणित मांडलं. नोव्हेंबर २०२०मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापाशी, युक्लुलेटजवळ, एका बोयाने १७.६ मीटरची लाट नोंदली, तेव्हा भोवतालची लक्षणीय उंची सहा मीटरच्या आसपासच होती. जवळजवळ तिप्पट. ड्रॉपनरची लाट तिच्याहून कितीतरी उंच, पण भोवतालाच्या मानाने पाहिलं तर ही जास्त विलक्षण.

प्रश्न : 'शंभर वर्षांची लाट' आठ वर्षांत दोनदा आली असं ऐकलं. मग गणित चुकलं ना? (स्थापत्य अभियंता)

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. शंभर वर्षांची लाट म्हणजे कुठल्याही एका वर्षी जी येण्याची शक्यता एक टक्का आहे ती. ती शंभर वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता ६३ टक्के, आणि तीस वर्षांच्या बांधकामाच्या आयुष्यात २६ टक्के. पण तुमचा संशय पूर्णपणे बाजूला सारू नका : वीस वर्षांच्या नोंदीवरून शंभर वर्षांचा आकडा काढताना वक्र नोंदीच्या पलीकडे ओढावा लागतो, आणि तिथे एका जास्तीच्या वादळाने आकडा हलतो. नवी नोंद आली की पुन्हा हिशेब करायचा.

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. माझ्याकडे बोया नाही. मला लाटा मोजता येतील का?

येतील, आणि तू विचारलंस याचा मला फार आनंद झाला.

पाण्यात उभा असलेला, खुणा रंगवलेला एखादा खांब शोध, शक्यतो धक्क्याच्या टोकाशी, जिथे पाणी खोल आहे आणि लाटा फुटत नाहीत. मोठं माणूस सोबत हवं आणि कठड्याच्या आतूनच काम करायचं. मोबाइल हलणार नाही असा टेकवून खांबाचं वीस मिनिटं चित्रीकरण कर. घरी येऊन ते सावकाश चालव. आधी दर दोन सेकंदांनी पाणी कुठल्या खुणेवर आहे ते लिहून त्यांची सरासरी काढ. ती तुझी मधली रेघ. मग पाणी त्या रेघेच्या वर गेलं की नवी लाट धर, तिचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू लिही आणि वजाबाकी कर. रेघ न ओलांडणाऱ्या बारीक सुरकुत्या सोडून दे. अशा शंभर लाटा हव्यात.

सगळ्या उंच्या उतरत्या क्रमाने लाव. वरच्या तेहतिसांची सरासरी काढ, ती तुझी लक्षणीय उंची. आता शंभर लाटांची सरासरी तिच्या ०.६३ पटीच्या जवळ येते का ते बघ. मग लक्षणीय उंचीहून मोठ्या लाटा किती ते मोज. तेरा-चौदा यायला हव्यात. दहा आल्या किंवा सतरा आल्या तरी तुझं मोजणं चुकलं असं समजू नकोस, शंभर लाटांमध्ये एवढा फरक पडतोच. जमलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी, वारा वेगळा असताना, पुन्हा मोज आणि दोन्ही याद्या शेजारी ठेव.

पेन्सिलने लिही. तारीख, वेळ आणि वारा कुठून होता ते वर टाक. पानांचा फोटो मला या पत्त्यावर पाठव. आणि ज्या लाटा मोजाव्यात की सोडाव्यात असा तुला संशय आला, त्यांच्यापुढे फुली कर. मी त्या आधी बघणार आहे.